अक्कासाठी बारीक होताना

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनचं आहे हे. माय म्हणते, देवाने याच्या पायाला भिंगरी लावूनच खाली पाठवलं. त्यामुळे नाशिकच्या डॉक्टरांनी खुर्ची दाखवून "बसा, जरा सविस्तर बोलू" म्हटलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. चांगली बातमी कोणी सविस्तर सांगत नाही. ते म्हणाले, तुमच्या लिव्हरचा तुकडा तुमच्या बहिणीला चालेल. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. पण आत्ता नाही. तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. ती आधी उतरवा, मग बघू.

"माझ्या लिव्हरवर? साहेब, मी धडधाकट माणूस आहे," मी म्हटलं.

त्यांनी नुसतं माझ्या पोटाकडे पाहिलं. मला राग आला. खरं तर राग यायचं काही कारण नव्हतं. पोट होतंच. शेवभाजीच्या तर्रीवर आणि रविवारच्या भरीत-पुरीवर मन लावून वाढवलेलं पोट होतं ते.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. दाजी तिथे शाळेत शिक्षक. अक्काने आयुष्यात दारूचा थेंब पाहिला नाही, आणि तरी तिचं लिव्हर दगड झालं होतं. आधी वजन वाढलं, मग साखर लागली, मग लिव्हरवर चरबी, आणि त्या चरबीने आतून हळूहळू सगळं वाळवून टाकलं. पोटात पाणी भरायचं, ते सुईने काढायचं, पुन्हा भरायचं. नात्यातल्या एका बाईने हळूच विचारलं होतं, "घेत होती का हो ती?" मी त्या बाईला असं काही बोललो की ती पुन्हा फिरकली नाही. दाजींचा रक्तगट जुळेना, भाची अजून अठराच्या आत. राहिलो मी. मी बारीक झालो तर अक्का जगणार होती. इतकं सरळ होतं ते.

आता गंमत ऐका. मी नोकरी कुठे करतो? जळगावच्या एमआयडीसीत, वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या कारखान्यात. मेथी, गुडमार, कोकम, हिरव्या कॉफीचे दाणे, शेवग्याचा पाला, जे म्हणाल ते आमच्याकडे पोत्यांनी येतं. ते वाळवायचं, दळायचं, अल्कोहोलमध्ये भिजवायचं, तो द्रव आटवायचा आणि शेवटी जी तपकिरी भुकटी उरते ती ड्रममध्ये भरून पाठवायची. पुढे तिच्या कॅप्सूल होतात. डबीवर बारीक कंबरेची बाई असते. वजन, साखर, लिव्हरची चरबी, सगळ्यावर चालतात म्हणे. उंदरांवर चालल्याचे कागद मी खूप पाहिलेत. उंदराला तूप-साखर चारून लठ्ठ करतात, मग अर्क पाजून बारीक करतात. माणसाचं विचाराल तर अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पाल्यात काही नसतं असं मी म्हणत नाही. असतं, म्हणूनच तर मला त्याची भीती वाटते. ज्यात काहीच नसेल ते कोणाचं वाईट तरी कसं करेल?

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. काढा नाही, चूर्ण नाही, अर्क नाही, आयुर्वेदिक नाही, होमिओपॅथी नाही. बाहेरचं जे पोटात जाईल ते लिव्हरलाच निस्तरावं लागतं. तुम्ही तेच आम्हाला देणार आहात, तर ते कोरं ठेवा. कमी खा, तेल तोडा, चाला. बस.

पण लोक ऐकतील तर शपथ. अक्काचं कळलं तसं ज्याच्या त्याच्या हातात एकेक पुडी आली. शेजारचे नाना जांभळाच्या बियांचं चूर्ण घेऊन आले. बायकोच्या मावशीने कारल्याचा रस बाटलीत भरून पाठवला. कारखान्यातला एक जण म्हणाला, "साहेब, आपल्याच ड्रममधला चमचाभर घ्या ना, कोण बघतंय?" मी सगळ्यांना हात जोडले, आणि जे हात जोडून ऐकेनात त्यांच्यावर ओरडलो. नाना अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न बोलोत. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं ते माझ्याविषयी म्हणतात, आणि मी त्यांच्याविषयी.

मायलाही मी असाच ओरडलो. फोनवर. ती गावाकडे एकटी असते, धुळ्यापासून जवळच. शेत वाट्याने दिलंय, घरासमोरचं खळं अजून तीच झाडते. ती म्हणाली, बाजारात एक पालावाला बसतो, तेना पालानी लई लोके बारीक झायात. मी म्हटलं, "माय, पुन्हा हे नाव काढलंस तर मी फोन उचलणार नाही." ती म्हणाली, "बरं. भाकर ते खाशी ना मना हातना पीठनी?"

ते मात्र मी आनंदाने कबूल केलं. डॉक्टरांनी पोळी-भात कमी करून ज्वारीची भाकरी सांगितली होती, आणि भाकरी म्हटली की आम्हाला कळण्याचीच लागते. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळायचे, त्यात मीठ तिथेच. पीठ काळपट येतं. शहरातल्या पाहुण्याला वाटतं काहीतरी जळलंय. माय दर आठवड्याला धुळ्याला जाऊन अक्काला बघायची आणि परतताना जळगावच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ पिठाचा डबा द्यायची. ड्रायव्हर ओळखीचा. मी स्टँडवर जाऊन डबा घ्यायचो आणि रिकामा परत द्यायचो.

मी झपाटल्यासारखा चाललो. पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. तिथे रोज येणारे लोक निवांत गप्पा मारत चालतात, मला त्यांचा संताप यायचा. अरे, चालायला आलात ना? चाला! दोन फेऱ्या झाल्या की मी अक्काला फोन करायचो. ती विचारायची, "आज किती उतरलं?" मी सांगायचो. ती म्हणायची, "हळू रे. मला काही घाई नाही." तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत होता. घाई नाही म्हणे! दाजी मागून सांगायचे, आज पुन्हा पाणी काढलं, आज तिला थोडं भ्रमासारखं झालं, मुलीला आईच्या नावाने हाक मारली. फोन ठेवल्यावर मी अजून एक फेरी मारायचो, कारण घरी जाऊन बसलो असतो तर वेडा झालो असतो.

वजन उतरलं. पँट कमरेवर राहीना. स्कॅनमध्ये चरबीही उतरली. नाशिकचे डॉक्टर खूष झाले, ऑपरेशनची तारीख धरली, सरकारी परवानगीचे कागद फिरले. आणि शेवटची म्हणून रक्ताची तपासणी केली, तर लिव्हरचे आकडे एकदम वर! जे आधी बरे होते ते बिघडलेले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"काय घेताय तुम्ही?"

"काही नाही."

"खरं सांगा. कोणी काही दिलं असेल. काढा, पावडर, कॅप्सूल?"

"साहेब, मी स्वतः त्याच धंद्यात आहे. मला कळत नाही का? माझ्या बहिणीचा जीव आहे हा!"

माझा आवाज चढला. बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, तुमच्या बहिणीचा जीव आहे म्हणूनच विचारतोय. कारण सापडेपर्यंत आणि आकडे खाली येईपर्यंत मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. दोघंही जाल.

तारीख रद्द झाली. परतीच्या गाडीत मी दारापाशी उभा राहूनच आलो.

पहिला संशय कारखान्यावर. भुकटी उडते तिथे, नाकातोंडात जाते, मास्क लावला तरी जिभेवर चव राहते. मी बिनपगारी रजा टाकली. आठवडा गेला, पुन्हा रक्त दिलं, आकडे आणखी वर. मग पाण्यावर संशय. मग डोकेदुखीच्या गोळीवर, जी मी घेतलीच नव्हती. बायकोने शांतपणे सांगितलं, "अहो, घरात तर मी तुमच्यासमोरच शिजवते. आता माझ्यावर पण येता का?" मी नाही म्हणालो, पण खरं सांगू का, आलो होतो. ती या ऑपरेशनला घाबरत होती हे मला माहीत होतं. आमची मुलं लहान. कुठली बायको नाही घाबरणार? पण तेवढ्यावरून मी तिच्या मसाल्याच्या डब्याकडे संशयाने बघायला लागलो. माणूस इतका खाली येतो.

मग ते केळं आलं. जळगावात राहून केळं खायचं नाही म्हणजे शिक्षाच, म्हणून डॉक्टरांनी जेवणानंतर अर्ध्या केळ्याची सवलत दिली होती, पण मी हट्टाने ती घेतलीच नव्हती. एका दुपारी भाकरी खाऊन मी ते अर्धं केळं तोंडात घातलं, तर काहीच नाही. ओला कापूस चघळावा तसं. मी बायकोला म्हटलं, केळी कच्ची आणलीस. तिने उरलेलं खाल्लं आणि म्हणाली, "साखर आहे नुसती! गाढवाला गुळाची चव काय."

ती हसून आत गेली. मी मात्र तसाच उभा राहिलो, कारण ही चव नसणं मला ओळखीचं होतं. कारखान्यात नवा माणूस आला की आम्ही त्याची गंमत करतो. गुडमारची चिमूटभर भुकटी जिभेवर चोळायची आणि मग साखर खायला द्यायची. साखर वाळूसारखी लागते. तो पोरगा घाबरतो, बाकीचे हसतात. थोड्या वेळाने चव परत येते. गुडमार म्हणजे गूळ मारणारी, नावच त्यावरून पडलंय.

दुसऱ्या दिवशी मी भाकरीच्या आधी केळं खाल्लं. गोड. भाकरीनंतर खाल्लं. कापूस. मी उठलो, पिठाचा डबा ओट्यावर घेतला, चमचाभर पीठ पाण्यात कालवून जिभेवर धरलं, थुंकलं आणि साखर खाल्ली. बायको दारात उभी राहून बघत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"मायने?" ती म्हणाली.

कळण्याचं पीठ काळपट. त्यात काय मिसळलं ते देवालासुद्धा दिसलं नसतं. भाजक्या उडदाच्या वासापुढे पाल्याचा वास कुठे लागतो! आणि मी तीच भाकरी दोन्ही वेळा खात होतो, डॉक्टरांचं ऐकतोय म्हणून छाती फुगवून. लहानपणी मी औषध थुंकायचो म्हणून माय ते भाकरीच्या कुस्कऱ्यात कालवून द्यायची. तिने दुसरं काही केलं नव्हतं.

मी तसाच मोटरसायकल काढली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागलो. एरंडोल, पारोळा कधी गेलं कळलं नाही. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होतो. माय, तुला सांगितलं होतं ना. माय, तू अक्काला मारायला निघालीस. असलंच सगळं. डोकं नुसतं फिरलेलं.

गावी पोचलो तेव्हा ती खळ्यात उडीद पाखडत होती. सूप ठेवून उठली, माझ्या दंडाला हात लावून बघितला, कमरेला हात लावून बघितला. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"कितला बारीक दिसी राह्यना तू!" ती म्हणाली. "आते मनी अक्का वाची जाई."

वाटेत जुळवलेलं सगळं गळून पडलं आणि मी सरळ आत शिरलो. घरात कोनाड्यात तिने ठेवलेली पिशवी दिसली, हिरवट भुकटीची. मी हात लावल्यावर तिनेच कबूल केलं, जरा लाजत. बाजारातला पाला, चार-पाच प्रकारचा, तिने स्वतः वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून पिठात मिसळला होता. तू थुंकतोस ना, म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आता पुरे, काम झालं. पिशवी घेतली आणि निघालो. ती खूष झाली. काम झालं एवढंच तिने ऐकलं.

अक्काकडे आलो तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती. पिवळी पडलेली, हातपाय काड्या, पोट तेवढं वर. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता उद्या जाऊन मायला सुनावतो, आज तिच्यापुढे नाही बोललो मी, पण सुनावणार.

"नाही सुनावायचं," अक्का म्हणाली.

"अगं पण..."

"मी वाचले तरी ती नाही वाचणार मग. आणि मी गेले तर? सत्तरी ओलांडलीय तिने. उरलेला जन्म ती काय करेल, विचार कर. तू मला लिव्हर देणार आहेस ना? मग हेही दे. तोंड बंद ठेव."

तिला बोलून धाप लागली. मी तिला पाणी दिलं आणि हो म्हटलं. काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नाशिकला मी ती पिशवी नेऊन दाखवली. डॉक्टर म्हणाले, यातल्या नेमक्या कशाने झालं ते मी सांगू शकणार नाही, पाल्यानेच झालं असंही शपथेवर सांगणार नाही. पण बंद करा आणि वाट बघू. वाट बघणं! मला सांगितलेलं सर्वांत अवघड औषध. त्या दिवसांत अक्काला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं, दोन दिवस ती कोणालाच ओळखत नव्हती. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो आणि दाजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बसा हो जरा." मी म्हटलं, "तुम्ही बसा, तुम्हाला जमतं." फार लागलं असेल त्यांना. माझं रक्त रोज का तपासत नाहीत म्हणून मी तिथल्या नर्सशी भांडलो. आकडे आपल्या गतीने खाली आले, भांडून लवकर आले नाहीत.

ऑपरेशन झालं. अक्का जगली. मीही जगलो, पोटावर हा एवढा व्रण घेऊन. शुद्धीवर आल्यावर अक्काने पहिलं काय विचारलं असेल? "मायला कोणी काही सांगितलं का?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या मायची कीर्ती गावभर पसरली. डॉक्टरांनी हात टेकले होते, आमच्या मायने पाला दिला, पोरगा बारीक झाला, पोरगी वाचली. असं गल्लीतल्या बायका सांगायला लागल्या. माय स्वतः फार बोलायची नाही, नुसती हसायची. बाजारातून तिने पुन्हा पाला आणला होता हे मात्र मला माहीत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. आखाजीला लेकीने माहेरी यायचं, झोका खेळायचा, मांडे आणि आमरस खायचा. ती येईल की नाही याची गेल्या वर्षी खात्री नव्हती, म्हणून यंदा मायने मांडे भाजायचं खापर दोनदा घासलं. दुपारी मी आणि अक्का ओट्यावर बसलो होतो. म्हणजे अक्का बसली होती, मी इकडून तिकडे. इतक्यात समोरच्या घरची सून आली. दोन वर्षं झाली लग्नाला, वजन वाढलेलं, पाळी चुकते, मूल राहत नाही. डॉक्टर सांगतात वजन उतरवा, सगळं मार्गी लागेल. ती लाजत दारात उभी राहिली आणि माय आतून एक पुडी घेऊन आली. हिरवट भुकटीची.

"भाकरना पीठमा टाकजो," माय म्हणाली. "सासूले बी सांगू नको."

मी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसण्याचा शब्द दिलेला. त्या मुलीने पुडी पदरात घेतली आणि वळली.

"माय," अक्का म्हणाली, "ती पुडी परत ले."

"काबरं?"

अक्का उठली. अजून तिला उठताना पोटाला हात लावावा लागतो. ती सुनेजवळ गेली, तिच्या पदरातून पुडी काढून घेतली आणि मायसमोर उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं. हळू आवाजात, काही न लपवता. माझे आकडे, रद्द झालेली तारीख, पिठाचा डबा, केळं, तिचे ते दोन दिवस. सून मध्येच निघून गेली. माय उभी होती ती खाली बसली. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही.

मला वाटलं आता ती रडेल, आणि मी मनात वाक्यं जुळवायला लागलो. तसं नक्की नाही माय, डॉक्टरही म्हणाले की नक्की नाही. पण ती रडली नाही.

"बठ्ठास्ले म्हाईत व्हतं?" तिने मला विचारलं. "दाजीले? तुनी बायकोले?"

मी मान हलवली.

"आनि मी पुड्या वाटत फिरनू."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून. कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडली. बाहेर चटके बसणारं ऊन. मी मोटरसायकल काढली, तिच्यापुढे उभी केली, म्हटलं, बस, कुठे जायचं सांग.

"तू बोलना नही," ती म्हणाली. "आते मना मांगे मांगे चाल."

मी गाडी तिथेच सोडून तिच्या मागे चालायला लागलो. पहिलं घर गल्लीच्या टोकाचं. घरात आखाजीची धांदल, लेकी-जावई आलेले, आमरसाचा वास. माय उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत या म्हणाले तर गेली नाही. मी मागून हळूच म्हटलं, "माय, नुसती पुडी परत माग. कारण कशाला सांगतेस? सणाचा दिवस आहे."

"नुसती मांगसू ते बाजारमाथून दुसरी आनतीन," ती म्हणाली. "सांगसू ते कोनी खावाव नही."

मग घरातले सगळे दारात जमल्यावर ती मोठ्याने बोलली. गल्लीलाही ऐकू जाईल असं.

"मी मना पोर्‍याले इख खावाडं. मनी आंडेर अक्का मरी जाती. ती पुडी माले परत द्या."

माझे कान तापले. मला ओरडावंसं वाटलं की विष नव्हतं ते, तिला काय माहीत, तिने मायेने दिलं. इतकी वर्षं मी याच पाल्यांचे अर्क काढतोय, पण ते इख नव्हतं असं छातीठोकपणे मलाही सांगता येईना. त्या घरच्या म्हातारीने आत जाऊन पुडी आणून दिली आणि मायचा हात धरून म्हणाली, "बस ना वं घडीभर, ऊन लागी जाई."

मायने हात सोडवून घेतला, पुडी कमरेला खोचली आणि पुढच्या दाराकडे चालायला लागली.